गणपतीवाली इंडोनेशियाची नोट, फ्रेमला एक स्टार आणि नोटेला साडेचार

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू दोन वस्तूंचा आहे आणि मधे एका दुकानदाराचा पण आहे, त्यामुळे लांबणारे. ज्यांना फक्त घेऊ की नको एवढंच हवंय त्यांनी सुटी नोट घ्या, फ्रेम घेऊ नका, आणि 'लकी' शब्द दिसला की सरळ पुढे जा. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा.

तर झालं असं की आमच्या मामाने नवीन दुकान टाकलं, किराणा आणि एका बाजूला थोडी स्टेशनरी. उद्घाटनाला काय द्यायचं हा प्रश्न होता आणि त्याच आठवड्यात फॅमिली ग्रुपवर तो नेहमीचा फॉरवर्ड फिरत आला. सगळ्यांना आलेला आहे तो, जगातला सगळ्यात जास्त मुस्लिम लोकसंख्येचा देश, त्यांच्या नोटेवर आपला बाप्पा, देश बुडत होता तेव्हा बाप्पाला नोटेवर आणला आणि मग सगळं सावरलं, खाली सतरा नमस्काराचे हात. मामी लगेच म्हणाली, "अरे तू नोटा जमवतोस ना, मग ही आण की मामांसाठी, गल्ल्याच्या वर लावू." आता मी बारा-तेरा वर्षं नोटा जमवतोय आणि नेमकी हीच माझ्याकडे नव्हती, कारण इतकी कॉमन आहे की नंतर घेऊ, नंतर घेऊ करत राहून गेलेली. मामीला हे सांगायची लाज वाटली आणि दुकान चार दिवसांवर आलेलं, म्हणून आळशीपणा करून ऑनलाइन फ्रेमवाली मागवली. १,२९९ रुपये. कोणाकडून ते लिहीत नाही, असे डझनभर सेलर आहेत आणि सगळ्यांचा फोटो एकच असतो.

आली ती बघून हसावं की रडावं कळेना. लाल मखमलीचा बॅकग्राउंड, सोनेरी अक्षरांत 'लकी गणेश करन्सी', चार कोपऱ्यांत चार स्वस्तिकं, आणि मधे बिचारी नोट, लॅमिनेट केलेली! हो, लॅमिनेट. शाळेत आयकार्ड करून मिळायचं ना तसं, गरम मशिनमधून काढलेलं, आणि एक हवेचा बुडबुडा बरोब्बर गणपतीच्या पोटाजवळ. मागून डबल साइड टेप. ज्यांना नोटा जमवायचा नाद नाही त्यांना यात काय एवढं असं वाटेल, पण जमवणाऱ्याच्या दृष्टीने लॅमिनेट केलेली नोट म्हणजे संपलीच ती, कारण ते प्लास्टिक पुन्हा निघत नाही, काढायला गेलात तर शाई आणि कागदाचा वरचा थर घेऊनच निघतं. आणि नोटेचा अर्धा आनंद हाताला लागण्यात असतो, तो तर गेलाच.

वर्णनात लिहिलेलं 'ओरिजिनल, युएनसी, इंडोनेशियात आजही चालू'. ओरिजिनल होती, ते खरं. युएनसी म्हणजे कोरी करकरीत, कधीच न फिरलेली, तर ही मधोमध घडी पडलेली होती, लॅमिनेशनच्या आतून ती रेघ दिसत होती. आणि 'आजही चालू' ही तर शुद्ध थाप. इंडोनेशियाच्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे बँक इंडोनेशियाने, ही २०,००० रुपियाची (रुपिया म्हणजे तिथलं चलन) हिरवी नोट ३१ डिसेंबर २००८ ला चलनातून काढली, आणि बदलून घ्यायची शेवटची मुदत पण २०१८ च्या डिसेंबरअखेर संपली. म्हणजे आज बालीच्या दुकानात ती दिली तर काउंटरवरचा पोरगा फार तर कुतूहलाने बघेल, सुट्टे काही देणार नाही. जे लोक बालीला जाताना 'येताना गणपतीची नोट आण' सांगतात त्यांच्यासाठी पण हेच, तिथल्या एटीएममधून आता जी २०,००० ची नोट निघते ती पण हिरवीच, पण तिच्यावर सॅम रातुलांगी हे त्यांचे राष्ट्रीय नेते आहेत आणि मागे नाचणारी बाई आणि समुद्रातली बेटं. आमच्या एका मित्राने त्या हिरव्या नोटेवर गणपती कुठे लपलाय ते हॉटेलच्या रूममध्ये बसून अर्धा तास शोधलेलं आहे.

सेलरला मेसेज केला तर चौथ्या दिवशी हिंदीत उत्तर, "सर नोट ओरिजिनल है." अहो ते मी विचारलंच नव्हतं. युएनसीचं काय, तर परत तेच. रिटर्न नाही कारण 'धार्मिक वस्तू'. मी सोडून दिलं, फ्रेम मामाला दिली, मामा खूश झाला, आता ती गल्ल्याच्या वर टांगलेली आहे आणि तिथे तिचं बरं चाललंय. पण माझ्या डोक्यातून नोट जाईना, म्हणून मग व्यवस्थित एक स्वतःसाठी शोधायला घेतली, आणि खरा रिव्ह्यू इथून पुढे आहे.

आधी तो फॉरवर्ड निकालात काढू. ही नोट १९९८ च्या सिरीजची. आता १९९८ साल इंडोनेशियासाठी काय होतं? १९९७ च्या मध्याला एका डॉलरला साधारण २,४०० रुपिया पडत होते, आशियाई चलनसंकट आलं आणि १९९८ च्या जानेवारीतच तो आकडा १०,००० च्या पलीकडे गेला, जूनमध्ये तर १५,००० च्या वर. मे महिन्यात जाकार्तात दंगली झाल्या आणि बत्तीस वर्षं खुर्चीत बसलेल्या राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंना २१ मे ला राजीनामा द्यावा लागला. म्हणजे बाप्पा नोटेवर आले त्या वर्षी त्यांच्या चलनाची जितकी वाट लागली तितकी क्वचितच कुठल्या चलनाची लागली असेल. पुढे सावरलं ते सावरलं, पण दहा वर्षांनी नोट मागे घेतली तेव्हा काही देश परत बुडाला नाही, उलट बरा चालला. आपल्याकडे २०२२ मध्ये अरविंद केजरीवालांनी भारताच्या नोटेवर लक्ष्मी-गणपतीचा फोटो टाका असं म्हणताना याच नोटेचं उदाहरण दिलं होतं, तेव्हापासून तर हिचे भाव जरा वरच बसलेत. दुकानदारांची दिवाळी झाली.

मग गणपती तिथे आहे कशाला? तर नोटेवर मोठा चेहरा कोणाचा आहे ते बघा ना, सगळे गणपतीच बघतात. काळी टोपी घातलेले ते गृहस्थ म्हणजे की हजर देवांतरा. जन्म २ मे १८८९, योग्याकर्ताच्या राजघराण्यातला माणूस, मूळ नाव सुवार्डी सूर्यनिंग्रात. तेव्हा तिथे डचांचं राज्य. १९१३ मध्ये डच लोक नेपोलियनच्या तावडीतून सुटल्याची शंभरी साजरी करायला निघाले आणि त्याची वर्गणी वसाहतीतल्या लोकांकडून पण गोळा करायला लागले. यावर याने पेपरात लेख लिहिला, की मी जर डच असतो तर ज्यांचं स्वातंत्र्य आपण घेतलंय त्यांच्याच देशात, त्यांच्याच पैशाने, आपल्या स्वातंत्र्याचा सोहळा केला नसता. हे इतकं झोंबलं की सरकारने हद्दपार करून थेट नेदरलँड्सला धाडलं. तिथे बसून त्याने शिक्षणशास्त्र शिकून घेतलं, परत आला, आणि ३ जुलै १९२२ ला योग्याकर्तात तामान सिस्वा नावाची शाळा काढली. तामान म्हणजे बाग, आणि सिस्वा म्हणजे आपला शिष्यच. या शाळा पुढे देशभर पसरल्या, राजघराण्यातली पदवी त्याने टाकून दिली, नाव बदलून देवांतरा केलं, आणि स्वातंत्र्यानंतर देशाचा पहिला शिक्षणमंत्री तोच. त्याचा वाढदिवस २ मे हा इंडोनेशियाचा शिक्षणदिन आहे.

म्हणजे मास्तरांच्या शेजारी विद्येची देवता, एवढा साधा हिशोब आहे हो. नोट उलटी करा, मागच्या बाजूला काय आहे? वर्ग. बाकावर बसलेली शाळेची मुलं. पुढे मास्तर आणि गणपती, मागे वर्गातली मुलं, अख्खी नोट शिक्षणावर आहे आणि आपण तिला गल्ल्यावर लावतोय. बांडुंग शहरात त्यांची मोठी इंजिनिअरिंगची संस्था आहे, त्यांचे पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्नो ज्या कॉलेजात शिकले त्याच परंपरेतली, तिच्या लोगोमध्ये पण गणपती आहे आणि ज्या रस्त्यावर ती आहे त्याचं नाव पण गणेशाचंच. बहुसंख्य मुसलमान पोरंपोरी तो लोगो छातीवर लावून फिरतात, त्यांना त्यात विद्येचं चिन्ह दिसतं, विषय संपला. आणि गरुड बघा ना, त्यांच्या राष्ट्रीय चिन्हात तर गरुडच आहे, आत्ताच्या सगळ्या नोटांवर छापलेला आहे, थायलंडच्या नोटांवर पण आहे, पण त्याचा फॉरवर्ड कोणी करत नाही. गरुडाचं मार्केटिंग कच्चं राहिलं म्हणायचं.

मला हे वाचताना सारखे टिळक आठवत होते. पेपरातले लेख, त्यावरून देशाबाहेर रवानगी, त्याच्या आधी शाळा काढणं, आणि बाजूला गणपती. क्रम वेगळा आहे पण सामान सगळं तेच. आणि टिळकांना ठेवलं होतं ते मंडाले पण तिकडेच, आग्नेय आशियात. उद्या आपल्याकडे कोणी टिळकांची नोट काढली तर डिझायनरला फार डोकं लावायला नको, असलीच नोट समोर ठेवायची.

आता डिझाइन. नोट हातात धरल्यावर पहिली गोष्ट म्हणजे तो हिरवा रंग, एकच हिरवा नाहीये, पोपटीपासून गडद शेवाळी रंगापर्यंत सरकत जातो. चेहऱ्यावरून अंगठा फिरवला की रेषा हाताला लागतात, उठावदार छपाई असते ना ती, धातूच्या प्लेटवर कोरलेल्या खाचांत शाई भरून कागद जोरात दाबतात त्यामुळे शाई कागदाच्या वर उभी राहते. भिंगाखाली धरलं तर गालाची सावली ही सावली नसून बारीक बारीक वळणाऱ्या रेघा आहेत हे दिसतं, जिथे गडद हवं तिथे रेघ जाड होते, बस. माझं दहा पट भिंग आहे, त्याने तो गणपती बघत मी एकदा कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या विसरलो आणि भाताची पेज झाली. उजेडात धरली की कागदाच्या आतला वॉटरमार्कचा चेहरा वर येतो, हे फ्रेममध्ये कधीच दिसणार नाही कारण मागे मखमल!

गणपती आपल्यासारखा नाहीये हे पण सांगतो. दगडूशेठची सवय असलेल्या डोळ्याला तो जरा अनोळखी वाटतो. मोदकाचं ताट नाही, उंदीरमामांचं लाडिक रूप नाही, देवघरातल्या मूर्तीपेक्षा म्युझियममधल्या दगडी मूर्तीचा बाज जास्त. तिथल्या जावा बेटावरच्या जुन्या मूर्तींमध्ये तो बऱ्याचदा दोन्ही तळपाय समोर एकमेकांना टेकवून बसतो, सात-आठ महिन्यांचं बाळ बसतं ना तसं, आणि सोंड डाव्या हातातल्या वाटीत घातलेली असते. उजव्या सोंडेचा आहे का, सोवळं पाळावं लागेल का, असं मामीने खरंच विचारलं होतं. मी म्हटलं मामी, अहो नोट आहे ती, कपाटात ठेवायची आहे.

डिझाइनमध्ये खटकलं काय तर गणपती आणि चेहरा एकमेकांशी बोलत नाहीत. दोन वेगळी चित्रं शेजारी ठेवल्यासारखी वाटतात, आणि आकड्यातले ते सगळे शून्य बरीच जागा खातात. मागची वर्गाची बाजू पण जरा सरकारी पोस्टरसारखी, 'सारे शिकूया' टाइप. याआधीची १९९२ ची २०,००० ची नोट बघितली तर हा फरक कळतो, तिच्यावर लाल स्वर्गीय पक्षी आहे, पिसारा असा काही पसरलेला की आकडा विसरून जावं, आणि मागे चक्क लवंग. आपल्या मसाल्याच्या डब्यातली लवंग, जिच्यापायी डच-पोर्तुगीज जीव घेत सुटले होते, ती नोटेवर. डिझाइन म्हणून मला ती जास्त आवडते. पण तिच्यावर गणपती नाही, त्यामुळे आपल्याकडे तिला कोण विचारणार. पाचातला अर्धा स्टार तिथे कापलाय.

आता दुकानदार. फ्रेमची हौस फिटल्यावर मी रविवारी जुन्या बाजारात गेलो, पुण्यातल्या लोकांना सांगायला नको, जुन्या स्क्रूड्रायव्हरपासून शिवराईपर्यंत सगळं एकाच सतरंजीवर. तिथे एक काका बसतात, नाव देत नाही कारण त्यांना आवडणार नाही, त्यांच्याकडून मी पूर्वी पण घेतलंय. त्यांना म्हटलं काका, इंडोनेशिया गणपती आहे का. तर ते न बघताच म्हणाले, "तीन आहेत, कुठली हवी, देवाला की अल्बमला?" हा प्रश्न मला फार आवडला. मी म्हटलं अल्बमला. तर त्यांनी पहिली दोन परत ठेवली आणि तिसरी दिली.

पहिल्या दोन मीच बघायला मागितल्या, शिकायला म्हणून. एकीला वर डाव्या कोपऱ्यात पिनेचं भोक होतं, बारीक, उजेडात धरल्याशिवाय दिसत नाही. दुसरी दिसायला एकदम कडक, आरशासारखी सपाट, मला तीच आवडली होती. काका म्हणाले अंगठा फिरवा. फिरवला तर चेहऱ्यावरच्या रेघा लागतच नव्हत्या, गुळगुळीत. "इस्त्री मारलीय तिला," काका म्हणाले, "मला एका लॉटमधून अशीच आली, मी सांगून विकतो, सगळे सांगत नाहीत." घड्या काढायला नोट ओली करून दाबतात, घडी जाते पण शाईचा उठाव पण जातो आणि कागदातली करकर मरते. नवीन लोकांनी एवढं एक लक्षात ठेवलं तरी पैसे वाचतील, कोरी नोट नुसती सपाट नसते, ती हलवली की आवाज करते.

भाव त्यांनी ६०० सांगितला, मी ४०० म्हटलं, ४५० ला तुटलं, वर चहा त्यांचा. तुलनेसाठी सांगतो, २०,००० रुपिया म्हणजे आपले आजच्या भावाने साधारण शंभर-सव्वाशे रुपये, आणि ही तर आता तिथे चालत पण नाही, म्हणजे तुम्ही देताय ते पूर्ण हौसेचे पैसे. गणेश चतुर्थीच्या महिनाभर आधी हीच नोट ८०० ला जाते असं ते म्हणाले, त्यामुळे मार्गशीर्षात वगैरे घ्या, निवांत मिळेल. काकांना पाच स्टार. यूपीआय घेत नाहीत म्हणून एक कापणार होतो पण चहा पाजला.

घेताना अजून काय बघाल. पुढच्या बाजूला १९९८ लिहिलेलं असतं म्हणून सगळ्या १९९८ लाच छापल्या असं नाही, छपाईचं वर्ष वेगळं, बारीक अक्षरांत असतं, पुढची काही वर्षं पण ही नोट छापत होते. जगभरच्या नोटांच्या कॅटलॉगमध्ये हिचा पिक नंबर, म्हणजे तिथला ओळखनंबर, १३८ आहे आणि वर्षाप्रमाणे पुढे अक्षर लागतं, त्यामुळे नादिष्ट माणसाला एकाच नोटेचा अख्खा संच करता येतो. नंबर तीन अक्षरं आणि सहा आकडे असा असतो, त्यातलं पहिलं अक्षर एक्स असेल तर थांबा, ती बदली नोट, म्हणजे छापताना खराब झालेल्या नोटेच्या जागी टाकलेली, आपल्याकडे स्टारवाली असते ना तसं. काकांना ते माहीत आहे त्यामुळे त्यांच्याकडे स्वस्तात मिळणार नाही, पण फ्रेमवाल्यांना बहुतेक माहीत नसतं, एखादी एक्स लॅमिनेट होऊन कुठल्यातरी शोरूममध्ये लटकत असेल या विचाराने मला झोप येत नाही. बाकी १०८ वाला नंबर, ७८६ वाला नंबर, बायकोच्या वाढदिवसाचा नंबर, हे सगळं तुमच्या खिशावर.

आणि कृपा करून स्टेशनरीतल्या स्वस्त मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, ते पीव्हीसी असतं, काही वर्षांनी चिकट होतं आणि नोट आतून ओलसर दिसायला लागते. पॉलिएस्टरचं कडक पाकीट दहा-बारा रुपयांना मिळतं. मुंबई-कोकणवाल्यांनी सोबत सिलिका जेलची पुडी टाका, पावसाळ्यात कागदावर तपकिरी ठिपके येतात ते परत जात नाहीत. एकदम लख्ख उन्हात टांगू नका. मामाच्या फ्रेमवर दुपारी तीनला बरोब्बर ऊन येतं, पण तिथे मी बोलायचं सोडून दिलंय.

एक नोट घेतली की माणूस थांबतो असं कधी होत नाही. काकांकडून येताना १९९२ ची ५०० रुपियाची ओरांगउटानवाली घेतली, साठ रुपये फक्त, आणि १०,००० ची ज्याच्या मागे बोरोबुदूरचा स्तूप आहे ती पण बघून ठेवलीय. देऊळच हवं असेल तर २००५ ची ५०,००० ची निळी नोट बघा, मागे बालीतल्या तळ्याकाठचं देऊळ आहे, पाण्यात उभं असल्यासारखं, आणि हे तर खरंखुरं देऊळ आहे, पण त्याचा फॉरवर्ड अजून आलेला नाही. आला की महाग होईल, त्याआधी घ्या.

परवा मामाकडे गेलो तर दुकानात मामाची धाकटी, सहावीत आहे, ती काउंटरवर बसून गणित करत होती. म्हटलं वर बघ, तो टोपीवाला माणूस कोण आहे माहितीये? म्हणाली गणपतीचा पुजारी. मी खिशातून माझी सुटी नोट काढली, पाकिटासकट तिच्या हातात दिली आणि मागची बाजू दाखवली. तिने वर्गातली मुलं मोजली, मग भिंतीवरच्या फ्रेमकडे बघितलं आणि म्हणाली, दादा, त्याची मागची बाजू बघायला ती उघडता येत नाही का?